साहेबाचा शिंपी

आमच्या बँकेत कर्ज मागायला सुटातला माणूस आला की मॅनेजरसाहेब खुर्चीतून अर्धे उठतात. धोतरवाल्याला मात्र 'तिकडे बसा' म्हणून बाक दाखवला जातो. पुढे हप्ते कोण वेळेवर भरतो, ते थकबाकीची यादी करणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला विचारा! म्हणूनच सुटांची पंढरी जी लंडनची सॅव्हिल रो, तिचा इतिहास वाचताना मला कापडापेक्षा उधारीच जास्त दिसली.

बर्लिंग्टनच्या अर्लने १७३१ ते १७३५ च्या दरम्यान आपल्या जमिनीवर हा रस्ता वसवला आणि त्याला बायकोचं माहेरचं नाव दिलं. बाई मूळच्या डोरोथी सॅव्हिल. (आम्ही ब्लॉकच्या पाटीवर बायकोचं नाव घालायचं म्हटलं, तर आईने दोन दिवस अबोला धरला.) सुरुवातीला इथे राहायला आले लष्करी अधिकारी आणि राजकारणी. गिऱ्हाईक तिथे शिंपी, या न्यायाने पुढे शिंपीही आले.

त्यांतला मोठा असामी हेन्री पूल. १८४६ साली त्याने वडिलांच्या दुकानाचं तोंड या रस्त्याकडे वळवलं. तिसरा नेपोलियन त्याचं गिऱ्हाईक. १८६५ मध्ये इंग्लंडच्या युवराजासाठी त्याने जेवणाच्या वेळी घालायचा आखूड कोट शिवला. डिनर जॅकेटची वंशावळ इथपर्यंत नेतात. दुकानात बड्या मंडळींना मद्य मिळे, सिगार मिळे. मिळत नसे ते फक्त हेन्रीला— बिलाचे पैसे! खानदानी माणसाकडे तगादा लावायचा नाही, हा धंद्याचा रिवाज. १८७६ साली हेन्री गेला, तेव्हा मागे कीर्ती भरपूर आणि कर्ज त्याहून भरपूर. चुलतभावाने निस्तरलं, म्हणून दुकान टिकलं.

ज्यूल व्हर्नचा फिलिआस फॉग याच रस्त्यावर सात नंबरच्या घरात राहतो. ऐंशी दिवसांत पृथ्वी पालथी घालताना आपल्या मुंबईलाही उतरतो. सगळं कसं घड्याळाच्या काट्यावर. म्हणजे या रस्त्यावर मला वेळ पाळणारा एक माणूस सापडला, तोही कादंबरीतला!

१९६९ च्या जानेवारीत तीन नंबरच्या गच्चीवर बीटल्स गायले आणि पोलीस धावत आले. या रस्त्याला आवाज खपत नाही. तिथला खरा कारागीर आजही तळघरात मुकाट्याने टाके घालतो. एका सुटाला पन्नासेक तास लागतात. वर आरशापुढे साहेब, खाली मान मोडून शिंपी.

माझा लग्नातला सूट आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांनी शिवला. शिलाईतले शंभर रुपये 'पुढच्या पगाराला देतो, मामा' म्हणून राहिले, ते राहिलेच. मामांनी कधी मागितले नाहीत. रस्त्यात भेटले की एवढंच विचारायचे, "खांद्यात बसतोय ना, साहेब?"

हेन्री पूलची कथा वाचली आणि दुसऱ्याच दिवशी पैसे घेऊन निघालो. दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसलेला. मामा वारले, म्हणाला, तीन वर्षं झाली.

सूट कपाटात आहे. पोटावर बटण लागत नाही ते वयामुळे. अंगाला लागत नाही ते उधारीमुळे.