सायकलस्वाराचे शिरस्त्राण : उपाय आणि सक्ती

सायकलस्वाराने शिरस्त्राण घालावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहिला असता त्यात दोन भिन्न प्रश्न मिसळले गेले आहेत, असे दिसून येते. शिरस्त्राणाने मस्तकाचे रक्षण होते काय, हा पहिला. आणि ते कायद्याने सक्तीचे करावे काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचा उगम मोटारसायकलीच्या अपघातांत आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स हे दोन सायकलस्वार मुलांना चुकविताना आपल्या मोटारसायकलवरून फेकले गेले व सहा दिवसांनी निवर्तले. त्यांच्या उपचारांशी संबंध आलेले मेंदुशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाची उपयुक्तता प्रतिपादिली. सायकलस्वारासाठी खास घडविलेले टणक शिरस्त्राण मात्र १९७५ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आले. त्याच्या आतील फेसाळ थर आघाताने चिरडला जातो व मस्तकावरील धक्का सौम्य होतो. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, याविषयी फारसा संशय उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाची कसोटी ऑस्ट्रेलियात लागली. व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांवर शिरस्त्राणाची सक्ती केली. त्याचा वापर ३१ टक्क्यांवरून वर्षभरात ७५ टक्क्यांवर गेला. गंभीर मस्तकाघाताबद्दलचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी घटले. परंतु त्याच वर्षी मेलबर्नमधील मुलांचे सायकल चालविणेही ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचे पाहणीत आढळले. म्हणजे घटलेल्या आघातांचे श्रेय किती शिरस्त्राणाचे आणि किती ओस पडलेल्या सायकलींचे, हा वाद उभा राहिला. मुलांचा व्यायाम सुटला, तर आरोग्याची ती हानी कोणत्या खात्यावर मांडावयाची?

नेदरलँड्सने निराळा मार्ग धरला. तेथे १९७० नंतर रस्त्यांवरील बालमृत्यूंविरुद्ध चळवळ झाली, स्वतंत्र सायकलमार्ग बांधले गेले व मोटारींच्या वेगास आळा घातला गेला. साध्या सायकलस्वारावर शिरस्त्राणाची सक्ती तेथे झाली नाही.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील शिरस्त्राणविषयक कलम मोटारसायकलपुरतेच आहे. सायकल त्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणून येथे निर्णय व्यक्तीच्या विवेकावर सोपविलेला आहे, आणि वाहनांच्या गर्दीतून जाणाऱ्याने शिरस्त्राण घालणे हेच शहाणपणाचे होय. मात्र शिरस्त्राण पडणाऱ्याचे मस्तक राखते, अपघात टाळीत नाही. तो टाळण्याचे उत्तरदायित्व रस्ते बांधणाऱ्यांवर व मोटार हाकणाऱ्यांवरच राहते, आणि सक्तीच्या वादात नेमके तेच विसरले जाते.