विजेचा सांठा आणि वाऱ्याची वाट

वसईच्या पानमळ्यांतील विड्याचीं पानें आगगाडीनें दूरच्या बाजारांत जात, तेव्हां तीं करंड्यांत भरणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे. करंड्याला वारा मिळाला नाहीं, तर पानें आंतल्या आंत तापून कुजतात; आणि ज्या फटींतून वारा जातो तिच्यांतूनच पाऊस शिरला, तरीहि पान नासतें. मला आज पानांविषयीं बोलावयाचें नाहीं. विजेचा सांठा करणाऱ्या घटांचीहि अडचण हुबेहूब अशीच आहे, आणि ती आजची नव्हे.

मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग १८६४ सालीं सुरू झाला. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅक बेपर्यंत पहिली लोकल धांवली. विजेची गाडी मात्र विरारला पोहोंचली ती १९३६ सालीं. मधल्या सुमारें सत्तर वर्षांत गाडी वाफेवर चाले, पण दोन स्टेशनांमधला निरोप विजेवर जाई. ही वीज कांचेच्या भांड्यांतून येत असे. फ्रान्समधील लक्लांशे यानें १८६६ च्या सुमारास जो घट तयार केला, तो तारायंत्रासाठीं व रेल्वेच्या खुणेच्या यंत्रांसाठीं जगभर रूढ झाला. नवसागराचें पाणी, त्यांत जस्ताची सळई, आणि मातीच्या सच्छिद्र भांड्यांत कोळसा व मँगनीज. आमच्या शाळेंतहि असा एक घट होता. वैशाखांत त्याचें पाणी उडून जाई, आणि नवसागर मुंगीसारखा भांड्याच्या कडेवर चढून बाहेर येई. कडेला मेण लावून ठेवावें, हा त्यावरचा जुना इलाज. मुलांना त्या मेणाचीच अधिक गंमत वाटे!

या घटांत सांठवण अशी नव्हती. जस्त झिजलें कीं तें बदलावयाचें. पुन्हां पुन्हां भरतां येईल असा शिशाचा घट प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ मध्येंच केला होता, पण तो व्यवहारांत आला तो १८८१ मध्यें फॉरे यानें त्यांत सुधारणा केल्यानंतर. पुढें रेल्वेच्या डब्याखालीं आंसाला पट्ट्यानें जोडलेला डायनामो आणि शेजारीं घटांची पेटी, अशी जोडी दिसूं लागली. गाडी धांवतांना घट भरत व थांबली कीं ते दिवे लावीत. माझ्या लहानपणीं लांबच्या प्रवासांत स्टेशनांत गाडी रेंगाळली म्हणजे दिवे पिवळे पडत. घट म्हातारे झाल्याचें तें लक्षण होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

खरी मेख येथें आहे. शिशाचा घट भरत आला म्हणजे त्यांतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायु बाहेर पडतात. हवेंत हायड्रोजनचें प्रमाण शेंकडा ४ झालें, तर एका ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. हा वायु सर्वांत हलका. तो छताशीं जमतो. म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमध्यें घटांची खोली निराळी असे, तिची फरशी अ‍ॅसिडला दाद न देणारी, आणि हवा बाहेर फेंकणारा पंखा उंचावर. तेथें प्रत्येकीं २ व्होल्टचे २४ घट ओळीनें जोडून ४८ व्होल्टची वीज घेत, व तीच तारेंतून आपल्या घरच्या टेलिफोनला मिळे. गांवांतले दिवे गेले तरी टेलिफोन बोलत असे, त्याचें श्रेय त्या खोलीला आहे.

मोबाइलचे मनोरे आले आणि ही खोली लहानशा पेटींत कोंडली गेली. पाणी घालावें न लागणारे बंद घट आले. त्यांतून वायु क्वचित् सुटतो, परंतु त्यांना उष्णता मानवत नाहीं. सुमारें १० अंश तापमान वाढलें तर घटाचें आयुष्य निम्म्यावर येतें. वीज गेली कीं पेटीला थंड ठेवणारें यंत्रहि थांबतें. आणि ज्या घटांनीं नेमकें त्या वेळीं काम करावयाचें, तेच तापूं लागतात.

जुलै २०१८ मधील पाऊस वसईकर विसरले नसतील. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखालीं गेले, गाड्या बंद पडल्या, आणि वसई-विरारच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. आमच्या इमारतींत जिन्याखालच्या कपाटांत सामाईक बॅटऱ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका वृद्ध बाईंचें प्राणवायूचें यंत्र त्यावर चार तास चालेल, असा आमचा हिशेब होता. तें तासाभरांतच थांबलें. मुलांनीं त्यांना खुर्चीवर बसवून, गुडघाभर पाण्यांतून, जनरेटर असलेल्या एका दवाखान्यांत नेलें, त्या वांचल्या. मागाहून कपाट उघडलें, तों घटांतील पाणी आटून पत्रे उघडे पडलेले. पावसाचे शिंतोडे आंत येतात म्हणून मे महिन्यांत कपाटाच्या फटी चिकटपट्टीनें बंद केल्या होत्या. मग तें तापत राहिलें, आणि पट्टी निघूं नये म्हणून कोणी कपाट उघडलें नाहीं. तो सल्ला माझाच होता. तीस वर्षें मुलांना हायड्रोजनचे गुणधर्म पाठ करून घेणाऱ्या मास्तराचा!

पण आम्ही एकटेच चुकलों नव्हतों. १९ एप्रिल २०१९ रोजीं अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना राज्यांत, सरप्राइज नांवाच्या गांवीं, लिथियमच्या घटांनीं भरलेल्या एका मोठ्या बंद पेटींतून धूर येऊं लागला. आग विझविणारा वायु आंत सोडला गेला. तापलेल्या घटांतून निघणारे ज्वालाग्राही वायु मात्र आंतच सांठत राहिले, कारण ते बाहेर काढण्याची सोय पेटीला नव्हती. सुमारें तीन तासांनीं बंबवाल्यांनीं दार उघडलें आणि स्फोट झाला. चौघे जबर जखमी झाले. घट नवे, पेटी नवी, चूक मात्र आमच्या जिन्याखालचीच.

आमचें कपाट आतां पहिल्या मजल्याच्या वळणावर, छज्जाखालीं आहे. त्याच्या दाराला रेल्वेच्या जुन्या डब्यांच्या खिडक्यांना असत तशा खालीं उतरत्या तिरप्या पट्ट्या बसविल्या आहेत. वारा आंत जातो, पाणी बाहेर ओघळतें. एक झरोका अगदीं वर, छताशीं ठेवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं शुद्ध पाण्याची बाटली घेऊन मीच तेथें जातों, आणि त्या बाई दारांतून विचारतात, “मास्तर, पाणी पाजलें का हो त्यांना?”