वॉटर स्कूटर पाण्यात उतरवताना...

सुट्टीच्या दिवसांत मालवण, तारकर्ली, अलिबाग किंवा कळंगूटच्या किनाऱ्यावर लाटा कापत जाणारी वॉटर स्कूटर साऱ्यांचे लक्ष वेधून घेते. तिचा वेग पाहणाऱ्याला भुरळ घालतो. मात्र ती बाळगणाऱ्याची पहिली कसोटी समुद्रात नव्हे, तर काठावरच लागते. मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवरून हे यंत्र उतरत्या धक्क्यावरून पाण्यात सोडणे हे काम वरकरणी सोपे वाटते. परंतु शेवाळावरून घसरलेली मोटार किंवा बसवायचे राहून गेलेले एखादे बूच सहलीचे रूपांतर दुर्घटनेत करण्यास पुरेसे ठरते.

यंत्राची ओळख

बॉम्बार्डिए या कॅनेडियन कंपनीने १९६८ मध्ये ‘सी-डू’ हे अशा स्वरूपाचे वाहन बाजारात आणले. त्यानंतर १९७३ च्या सुमारास जपानच्या कावासाकी कंपनीची ‘जेट स्की’ आली आणि या एका कंपनीचे व्यापारी नावच पुढे सर्वसामान्य नाम होऊन बसले. या वाहनाला बाहेर उघडा पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, आतील पंखा ते वेगाने मागच्या तोटीतून फेकतो आणि त्या रेट्याने वाहन पुढे जाते. तोटी वळवली की दिशा बदलते. स्वतंत्र सुकाणू नसल्याने, वेग देणे थांबवताच वळवण्याची शक्तीही जवळजवळ संपते. धक्क्याजवळ घाबरून ‘थ्रॉटल’ सोडणारा नवखा चालक म्हणूनच समोरच्या होडीवर सरळ आदळतो. तीन आसनी वाहनाचे वजन साधारण ३०० ते ४०० किलो भरते, ही बाबही लक्षात ठेवावी.

आधी भरती-ओहोटी

उतरता धक्का कोकणवासीयांना नवा नाही. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी येथील फेरीबोटीत मोटारी चढतात त्या अशाच उतारावरून. ओहोटीच्या वेळी या उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि तेथे शेवाळ व चिखल असतो. त्यामुळे पाणी पुरेसे चढलेले असतानाच वाहन उतरवणे श्रेयस्कर.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, असा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास पूर्ण भरती असते. दोन भरतींमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, तर गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो. अर्थात, ठोकताळा हा अंदाजच. प्रत्यक्ष वेळेसाठी भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टक पाहावे. परतीच्या वेळी पाणी कोठे असेल, याचाही विचार निघण्यापूर्वीच करावा.

कोरड्या जागेवरील तयारी

सर्व तयारी धक्क्यापासून दूर, सपाट जागेवर करावी. त्यामुळे मच्छीमारांचा व इतरांचा खोळंबा होत नाही. मागील बाजूची पाणी काढण्याची बुचे घट्ट बसवली आहेत याची हाताने खात्री करावी. ती राहून गेल्यास इंजिनाच्या कप्प्यात पाणी भरते आणि वाहन बुडू लागते. पेट्रोल भरले असल्यास आसन उघडून वाफ निघून जाऊ द्यावी. बंद कप्प्यात साचलेली वाफ एका ठिणगीने पेट घेऊ शकते. लांबच्या प्रवासात ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग तापलेले असते. ते तसेच पाण्यात गेल्यास खारे पाणी आत ओढले जाते, म्हणून थोडा वेळ थांबावे. ट्रेलरच्या दिव्यांची जोडणी काढून ठेवावी.

मागचे पट्टे येथेच सोडावेत. पुढचा ‘विंच’चा पट्टा मात्र मुळीच सोडू नये. तो सुटला तर उतारावर सारे वजन मागे सरकून वाहन काँक्रीटवर आपटते. पुढच्या टोकाला एक लांब दोर बांधावा.

उतारावर मागे घेताना

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंगचा खालचा भाग धरावा. हात ज्या दिशेला न्यावा, त्या दिशेला ट्रेलरची मागची बाजू वळते. आखूड ट्रेलर फार चटकन आडवा होतो, त्यामुळे वळणे लहान ठेवावीत आणि बिघडल्यास पुढे घेऊन पुन्हा सरळ करावे. मोटारीत चालकाशिवाय कोणी बसू नये, मुलांना तर मुळीच बसवू नये. या थोड्या अंतरापुरता सीटबेल्ट सोडून खिडक्यांच्या काचा खाली घ्याव्यात. मोटार पाण्यात घसरलीच तर सुटकेचा मार्ग मोकळा राहतो. ट्रेलरच्या मागे कोणीही उभे राहू नये.

उतारावर मोटारीचे वजन मागच्या चाकांवर जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीची पकड त्यामुळे ढिली होते. शिवाय हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांना लागतो आणि तीच चाके ओल्या भागाच्या जवळ असतात. म्हणून हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांमागे ओंडके वा दगडांची उटीही लावावी. ट्रेलरची चाके बहुतांश बुडून वाहनाची मागची बाजू तरंगू लागली की थांबावे. आता विंचचा पट्टा सोडावा, वाहन हलकेच ढकलावे आणि दुसऱ्याने दोर धरून ते बाजूला न्यावे.

इंजिन केव्हा सुरू करावे?

किमान तीन फूट पाणी असल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. उथळ पाण्यात वाळू, खडे व शेवाळ आत ओढले जाऊन पंखा निकामी होतो. दोर, सैल कपडे व मोकळे केस यांनाही हाच धोका असतो. मागच्या तोटीसमोर कोणी नाही, हे पाहावे. त्या झोताने गंभीर इजा होते. जीवरक्षक जाकीट घातलेले असावे आणि इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी मनगटाला वा जाकिटाला अडकवलेली असावी. चालक पाण्यात पडताच ती सुटते व वाहन थांबते. जाळीत काही अडकल्यास आधी इंजिन बंद करून ही दोरी काढावी, मगच हात घालावा.

परत आल्यावर

इंजिनाच्या जोरावर ट्रेलरवर चढू नये. झोताने धक्क्याच्या टोकाची वाळू खरवडली जाऊन खड्डा पडतो आणि पुढच्याच्या ट्रेलरचे चाक त्यात अडकते. इंजिन बंद करून विंचने ओढणे योग्य. वर आल्यावर बुचे काढून पाणी वाहू द्यावे व गोड्या पाण्याने यंत्रणा धुवावी. बहुतेक वाहनांत आधी इंजिन व मग पाणी सुरू करायचे आणि बंद करताना आधी पाणी व मग इंजिन, असा क्रम असतो. तरीही आपल्या वाहनाची पुस्तिका पाहावी. ट्रेलरही धुवावा.

महाराष्ट्रात महाराष्ट्र सागरी मंडळाचे, तर गोव्यात बंदर कप्तान खात्याचे नियम लागू असल्याने आवश्यक परवानगी आधीच घ्यावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना हा खेळ वर्ज्यच. शेवटी, धक्का ही ज्यांच्या पोटापाण्याची वाट आहे, त्या मच्छीमाराची होडी आधी लागू द्यावी. अडचणीच्या प्रसंगी मदतीला धावून येणारी पहिली होडी बहुधा त्याचीच असते.