रानपिंगळ्याचा पुनर्शोध (१९९७) : साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासलेखनात साधनांच्या विश्वासार्हतेला अनन्यसाधारण महत्त्व असते. हे तत्त्व केवळ राजकीय इतिहासापुरते मर्यादित नसून निसर्गविज्ञानाच्या इतिहासालाही लागू पडते. महाराष्ट्राच्या पक्षी-इतिहासात १९९७ हे वर्ष या दृष्टीने विशेष उल्लेखनीय ठरते. प्रस्तुत शोधनिबंधात रानपिंगळ्याच्या पुनर्शोधाचा साधनचिकित्सेच्या अंगाने आढावा घेतला आहे.

विषय विवेचन :
१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील फुलझर परिसरात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळविला. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविट यांचे नाव दिले. पुढे ब्रिटिश मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीलायक नोंद मिळत नाही.

याला एकच अपवाद मानला जात होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेतील तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याची नोंद असलेला एक नमुना होता. ही नोंद खरी मानल्यामुळे शोधाची दिशाच चुकली. सलीम अली व डिलन रिप्ले यांचे १९७० च्या दशकातील प्रयत्नही निष्फळ ठरले. पुढे अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. तेव्हा तो नमुना डेव्हिडसन यांचाच असून तो चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली असल्याचे स्पष्ट झाले. १९९९ मध्ये रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी हे पुरावे प्रसिद्ध केले.

बनावट नोंद बाजूला सारताच अस्सल नमुन्यांची ठिकाणे महत्त्वाची ठरली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी त्या ठिकाणांचा शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तत्कालीन धुळे जिल्ह्यातील (१९९८ पासून नंदुरबार) शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. अशा रीतीने ११३ वर्षांचा खंड संपला. त्यानंतर मेळघाट, तसेच २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा बदलण्यात आला. तथापि जंगलतोडीचा धोका टळलेला नाही.

निष्कर्ष :
१) एका खोट्या नोंदीमुळे दुर्मीळ पक्ष्याचा शोध लांबला व त्याच्या संरक्षणासही विलंब झाला.
२) जुन्या, अस्सल स्थानिक नोंदी आजही मार्गदर्शक ठरतात.
३) मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याचे पक्षी सर्वेक्षण सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केले होते. नांदेड-लातूर परिसराच्या अभ्यासकांनी अशा नोंदी प्रत्यक्ष माळराने व तलावांवर जाऊन पडताळून पाहणे गरजेचे आहे. कोणतीही नोंद केवळ जुनी आहे म्हणून प्रमाण ठरत नाही आणि केवळ जुनी आहे म्हणून त्याज्यही ठरत नाही.