प्राथमिक शाळेतील मुलांचा अभ्यास : पालकांचा सहभाग किती आणि कसा?

मुलाला गुण कमी पडले की अनेक पालक दवाखान्यात येऊन स्मरणशक्तीचे टॉनिक मागतात. गुण वाढवणारे असे कोणतेही औषध नाही. तुमच्या सहभागाचा मात्र नक्की उपयोग होतो, फक्त तो योग्य प्रकारचा हवा.

शेजारी बसून गृहपाठावर पहारा ठेवण्यापेक्षा मुलाशी गप्पा, एकत्र वाचन आणि 'तुला हे जमेल' हा विश्वास यांचा प्रगतीशी अधिक संबंध असल्याचे संशोधनात दिसते. (पहारा बहुधा मागे पडलेल्या मुलावरच ठेवला जातो, त्यामुळे त्याचा परिणाम मोजणे कठीण, हेही खरे.) रोज पंधरा-वीस मिनिटे वाचन पुरे. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी हरकत नाही; मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि "मग पुढे काय झालं?" असे विचारा. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठीत बोलायला घाबरू नका. प्रकल्प मात्र तुम्ही करून देऊ नका. तो शिक्षकांना लगेच ओळखू येतो.

६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि सकाळी सातची शाळा असेल, तर शिकवणी लावून काय होणार?

मूल आळशी आहे असे ठरवण्याआधी तपासणी करा. फळ्यावरचे दिसत नसेल, सारखी सर्दी होऊन किंवा कान फुटून ऐकू कमी येत असेल, रक्तक्षयामुळे थकवा असेल, तर अभ्यास मागे पडतोच. बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहणे हा फिट्सचाही एक प्रकार असू शकतो.

बोलण्यात हुशार, पण तिसरीतही अक्षरे गाळणारे, अडखळत वाचणारे मूल असेल तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्या. शिक्षकांशी बोला, मुलाच्या वह्या घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. मारल्याने ही अडचण जात नाही, भीती तेवढी वाढते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत सायन रुग्णालयासारख्या सरकारी व पालिका रुग्णालयांत तिची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात.