रानवेलीची साक्ष

काळ्या द्राक्षाचा मणी सोलून पाहिला, तर आतला गर बहुधा फिकट हिरवाच निघतो. रंगाचा सारा साठा सालीत असतो. या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विल्श्टेटर यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. द्राक्षाचा रंगही त्यांच्या अभ्यासात होता. हाच रंग पुढे एका वेलीच्या कुळाची साक्ष देणार होता, हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

ती कथा फ्रान्समधील आहे. १८६० नंतर तेथील दक्षिण भागात द्राक्षमळे एकाएकी वाळू लागले. १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्यांचे सहकारी यांनी वेलींची मुळे उकरून पाहिली, तेव्हा मुळांना चिकटलेली पिवळसर, सूक्ष्म कीड दिसली. हीच फायलोक्सेरा. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर ती समुद्र ओलांडून आली होती. अमेरिकेतील रानवेली युगानुयुगे तिच्या सहवासात तगल्या होत्या. युरोपच्या वेलीपाशी मात्र तिच्यावर काहीच तोड नव्हती.

जेथून रोग आला, तेथूनच उतारा आणावा लागला. रानवेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधले, की मूळ जगे आणि फळ जुनेच राही. फ्रान्सच्या चुनखडीच्या जमिनीत टिकतील अशा वेली शोधण्यासाठी प्येर व्हियाला १८८७ मध्ये अमेरिकेस गेले. टेक्सासचे द्राक्षतज्ज्ञ मन्सन यांनी त्यांना साहाय्य केले व १८८८ मध्ये फ्रान्सने मन्सन यांचा सन्मान केला.

दुसरा मार्ग संकराचा होता. रानवेलीचा चिवटपणा आणि मळ्यातील द्राक्षाची गोडी एकाच वेलीत आणावी, ही त्यामागील उमेद. परंतु रानद्राक्षाचा मणी लहान, बियांनी भरलेला, सालीला जाड आणि चवीला आंबट. त्याची छटा संकरातही उतरे. काही जातींना उग्र वासही येई. तरीही औषधफवारणीचा खर्च न परवडणाऱ्या लहान शेतकऱ्याला याच वेली आपल्या वाटत. पुढे मद्याचे उत्पादन बेसुमार वाढले, तेव्हा कुऱ्हाड त्यांच्यावरच कोसळली. १९३४ च्या कायद्याने नोआ, ऑथेलो, इझाबेल, जाके, क्लिंटन आणि एरबमाँ या सहा जातींवर बंदी आली.

पण पिंपातील मद्य कोणत्या वेलीचे, हे ओळखावे कसे? याचे उत्तर रंगाने दिले. युरोपीय द्राक्षाच्या अँथोसायनिनला शर्करेचा एकच रेणू जोडलेला असतो. अनेक अमेरिकन रानवेलींच्या रंगद्रव्यांत असे दोन रेणू दोन ठिकाणी असतात. १९५० च्या दशकात बोर्दो येथे रिबेरो-गेयाँ यांनी कागदावर रंगद्रव्ये वेगळी करून हा भेद दाखविला. दोन शर्करांचे माल्विन अतिनील किरणांत चमकून उठे आणि संकराचे गुपित उघडे पडे.

तथापि ही साक्ष एकतर्फी होती. हा गुण पहिल्या पिढीत हमखास उतरतो. पण त्या संकराचा युरोपीय वेलीशी पुन्हा संकर केला, की सुमारे निम्म्या संततीतून तो नाहीसा होतो. म्हणजे माल्विन सापडले तर रानटी रक्त निश्चित. न सापडले म्हणून कुळाची शुद्धता सिद्ध होत नाही. शिवाय दुसरी शर्करा जोडणारा जनुक युरोपीय वेलीत बिघडलेल्या अवस्थेत आहे, असे २१ व्या शतकातील संशोधनाने दाखविले. ज्याला शुद्धतेची खूण मानले, ती वस्तुतः एका उणिवेची खूण होती.

२०२१ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक नामांकनाच्या मद्यांसाठीही संकरित जातींना वाट मोकळी केली. त्या सहा जातींवरील बंदी मात्र तेव्हाही उठली नाही. इकडे नाशिक-सांगलीच्या खारट, कोरड्या जमिनींत अनेक बागा टेक्सासच्या रानवेलीतून निवडलेल्या डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत. बाजारात घडाचे मोल होते. तो घड तोलून धरणारी रानवेल मातीआड असते, आणि तिचे नाव ठाऊक असते ते बागाइतदाराला.