गिअर नाही म्हणजे चालतं?

परवा मुलाने स्कूटीची चावी मागितली. वय सोळा, अकरावी, सकाळी सहाचा क्लास. "पप्पा, बॅचमधली निम्मी पोरं गाडीवर येतात. आणि हिला गिअर कुठे आहेत?"

मला पटकन नाही म्हणता येईना. कारण मी स्वतः दहावीत असताना काकांची लूना गावभर फिरवायचो. वीस वर्षं अपघाताच्या बातम्या देतोय, पण या नियमाचा इतिहास सलग कधी वाचला नव्हता. त्या रात्री वाचला.

इंग्रजांनी १९१४ साली मोटार वाहन कायदा केला. तेव्हा मोटारी अगदी मोजक्या. तरीही त्यात स्पष्ट होतं, अठरा वर्षांखालच्याने सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवायची नाही. म्हणजे ही अट आपल्या आजोबांच्याही आधीची!

मग १९३९ चा कायदा. त्यात थर्ड पार्टी विम्याची सक्ती आली आणि ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. हेतू साधा. गाडीवाला कफल्लक निघाला तरी ज्याला धडक बसली त्याचं घर उघड्यावर पडू नये.

१९७२ मध्ये लूना आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोपेड उभी राहिली. १९८८ च्या कायद्यात सोळा वर्षांच्या मुलांना एक सवलत आहे: ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, तीही लायसन्स काढून, अर्जावर पालकाची सही घेऊन. गोम इथेच आहे. आजच्या स्कूटी ११० नाहीतर १२५ सीसीच्या. ५० सीसीची गाडी शोरूममध्ये शोधून दाखवा! गाडी गेली, सवलत कागदावर राहिली, आणि आपल्या डोक्यात एवढंच उरलं की 'गिअर नाही म्हणजे चालतं'.

आता विम्याचं. अमेरिकेत घरातलं पोर गाडी चालवायला लागलं की हप्ता चांगलाच वाढतो, म्हणून आईबाप आधीच सावध होतात. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर इंजिनावर ठरतो. २०२२ च्या दरानुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला मूळ ७१४ रुपये. बाप चालवो नाहीतर पोरगा, हप्ता तोच. त्यामुळे धोका आधी दिसतच नाही. दिसतो तो अपघातानंतर.

२००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने वाट घालून दिली. लायसन्सची अट मोडली असली तरी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाचा दोष सिद्ध झाला तर ते त्याच्याकडून वसूल करावेत. २०११ च्या एका निकालात मालक म्हणाला, मुलाने चावी न विचारता नेली. कोर्टाने ऐकलं नाही. वसुली मालकाकडूनच.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आणलं. अल्पवयीनाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. तरी मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. कायदा होता. चावीही होती.

हप्ता कमी करायचाय ना? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम वर्षभर घेतला नाही तर त्या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षांनी ५० टक्के. पण त्याहून मोठी बचत म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत चावी आपल्या खिशात ठेवणं.

मुलाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्ही कशी चालवली?" उत्तर नव्हतं. नशीब चांगलं होतं, एवढंच.

सध्या पहाटे साडेपाचचा गजर मी लावतो. मागे तो बसतो, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. क्लासबाहेर पोरांच्या गाड्यांची रांग असते. त्यांतल्या किती चाव्या आपण स्वतःच्या हाताने दिल्यात?